दुधाची डिग्री

सर,

तुम्ही जिवंत असता तर हे तुम्हाला सांगितलं नसतं. तुमच्यासमोर काही बोलायचं म्हणजे तुम्ही चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला घ्यायचात. तो पुसून होईपर्यंत समोरच्यानं बोलत राहायचं, आणि चष्मा परत नाकावर चढला की तुम्ही आमच्या सगळ्या बोलण्यातलं नेमकं एक वाक्य उचलायचात, शिंप्यानं कापडातला विरलेला भाग बोटावर धरून दाखवावा तसं. ते वाक्य मग आम्हाला दिवसभर पुरायचं. आता तुम्ही नाही, चष्मा पुसणारं कुणी नाही. या कागदाला पत्ताही नाही, त्यामुळे घाईही नाही.

मी तुमचाच पेपर शिकवते, तुमच्याच खोलीत. खिडकीबाहेरची बाभूळ तोडली आणि तिथं जुन्या चेअरमनसाहेबांचा अर्धपुतळा बसवला. साखर कारखाना, दूध संघ आणि आपलं कॉलेज, तिन्हींची खुर्ची तेव्हा एकाच माणसाची होती. आता ती त्यांच्या मुलाची आहे. यंदा पुन्हा पाऊस नाही. मुलींच्या वसतिगृहाला टँकर येतो आणि टँकरवर त्याच घराण्याचं नाव असतं. मुली बादल्या घेऊन धावतात तेव्हा पुतळ्याच्या चौथऱ्यावर बसून चपला घालतात. तुम्ही असता तर म्हणाला असतात, बघा, गुन्हेशास्त्राचा पहिला तास बाहेर चाललाय आणि तुम्ही आत हजेरी घेताय.

तुम्ही आत कधी फारसं शिकवलंच नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला बीडच्या कोर्टात नेलंत आणि कोर्टात जाऊ दिलं नाहीत. बाहेर लिंबाखाली बसवलंत. म्हणालात, "आत गुन्हा आहे, तो पुस्तकात मिळेल. समाज बाहेर बाकावर बसलाय. कोण कुणासाठी भाकरी घेऊन आलंय ते बघा." आम्ही दिवसभर फडकी बघितली. कुणाच्या फडक्यात भाकरी होती, कुणाच्या नुसतं फडकं. जेलच्या दारातही तसंच. पुढे गावोगाव नेलंत आणि जे लिहून आणलं ते महिन्याभरानं त्याच गावात, शाळेच्या ओट्यावर उभं राहून वाचून दाखवायला लावलंत. "ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत करायचं. चुकलं असेल तर ते शिव्या देतील. त्या शिव्या म्हणजे तुमचे मार्क." एका गावात एका म्हातारीनं आमच्या वर्गातल्या एका मुलाला सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "लेकरा, मी आसं बोललेच न्हाई. तुला बोलायचं हुतं, ते माझ्या तोंडात घातलंस." तुम्ही किती हसलात तेव्हा.

एकच नियम होता. बघणाऱ्यानं हात लावायचा नाही.

दुसऱ्या वर्षी तुम्ही आमचं गाव निवडलंत. नेकनूरच्या पुढं, फाट्यापासून आत. तुझी हरकत आहे का, असं विचारलं नाहीत. फक्त म्हणालात की आपल्या गावाचं निरीक्षण सगळ्यात अवघड, आणि एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर बसूनसुद्धा गावापर्यंत एक शब्द बोलला नाहीत. आईला मी आधी निरोप धाडला होता. तिचा उलटा निरोप आला: कालेजच्या लोकांसंगं येतीस तर मला वळख दावू नगंस, तुजं बी वजन राहील आन् मला बी कुणी बोलणार न्हाई.

त्या दुष्काळात टँकर गावाच्या आडात रिकामा होत नव्हता. आड कोसळला होता. पाटलाच्या खळ्याजवळ टँकर उभा राहायचा आणि नळीनं घागरी भरून द्यायचा. दिवस उगवायच्या आधी घागरींची रांग लागलेली असायची. घागरीत एक दगड, वाऱ्यानं लोळू नये म्हणून. बायका घरी जाऊन चुली पेटवायच्या, घागर त्यांच्या वतीनं उभी असायची. आमच्या बौद्ध वस्तीच्या घागरी शेवटी. तसं कुणी बोलून दाखवत नसे. शेवट कुठून सुरू होतो हे सगळ्यांना माहीत होतं, इतकंच. घागर म्हणजे माणूस, आणि घागर सारणं म्हणजे माणसाला ढकलणं. कुठल्याच कायद्यात हा गुन्हा नाही, आणि गावात याच्याइतकी मारामारी दुसऱ्या कशावरून होत नव्हती. तुम्ही आम्हाला हेच बघायला आणलं होतंत.

आई त्या दिवशी अंधारात उठून आली होती. तिची घागर वस्तीच्या घागरींत नव्हती, मधे होती, वरच्या आळीच्या बायकांत. तिनं ते का केलं हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित मी येणार होते म्हणून. टँकर आला, बायका आल्या, आणि डेअरीच्या सेक्रेटरीच्या बायकोनं आईची घागर पायानं सारली. हातानं नाही, पायानं. चपलेच्या टोकानं, पार शेवटापर्यंत, मधे दोनदा थांबून. घागरीतला दगड खडखडत होता. आई तिच्या मागून चालत गेली, जणू घागरच तिला नेत होती. मग ती शेवटी उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता तिनं पदर नीट केला.

मी वही खाली ठेवली, जाऊन घागर उचलली आणि होती तिथं आणून ठेवली.

"कोन गं तू?" सेक्रेटरीची बायको म्हणाली.

"हिची लेक."

"आगं बया! लेक साहेबीण झाली की! मग साहेबिणीला कशाला पायजे टँकर? बंगल्याला नळ आसंल!"

"नळ नाही. मेस आहे. तिथंही शेवटीच उभी राहते," मी म्हणाले. बायका हसल्या. त्या हसण्यानं ती जास्त चिडली. पण तुम्ही लांब उभे होतात, आमच्या वर्गातली मुलं उभी होती, आणि टँकरवाल्याला वाटलं की हे कलेक्टर ऑफिसातले लोक आहेत. त्यानं त्या दिवशी कुणाचीच घागर अर्धी सोडली नाही. आईला दोन घागरी मिळाल्या. मला वाटलं, हे मी केलं.

फाट्यावर बसची वाट बघताना तुम्ही चष्मा पुसायला घेतलात. मी बोलत राहिले; मला वाटत होतं तुम्ही शाबासकी देणार. चष्मा नाकावर चढला. "साक्षीदार म्हणून आलीस, पक्षकार झालीस," तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. "त्यात वाईट काही नाही. पण पक्षकाराला मुक्काम करावा लागतो. तू आता गाडीत बसशील. ती बाई इथंच राहणार आहे."

"ती बाई माझी आई आहे, सर."

"म्हणूनच म्हणतो."

मग बस आली, आणि तुम्ही दारात उभे राहून, मागची मुलं ढकलत असताना, मला विचारलंत, "राहतेस?" इतक्या साध्या आवाजात, की कंडक्टरही माझ्याकडं बघायला लागला. मी चढले. खिडकीतून वस्तीच्या वळणावर आई उभी दिसली. तिनं हात केला नाही. मी ठरवलं की हा माणूस दुष्ट आहे. आजही मला तो शब्द चुकीचा वाटत नाही, फक्त अपुरा वाटतो.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. सांजच्याला आईसोबत किटली घेऊन डेअरीत. आमची एक म्हैस होती, चारा छावणीत बांधलेली. तिच्या दुधावर माझी मेस चालायची. डेअरी म्हणजे पत्र्याची खोली, बाहेर ओटा, ओट्यावर सेक्रेटरी. लोक किटल्या ओतत होते, सेक्रेटरी बघत होता आणि कॅनमधे ढकलत होता. आमची पाळी आली तेव्हा त्यानं शर्टाच्या खिशातून दुधातलं पाणी पकडायची, डिग्री मापायची काचेची नळी काढली. त्या संध्याकाळी आमच्या आधी कुणाच्याच दुधात ती घातली गेली नव्हती. मापाच्या भांड्यात नळी डुलली, थांबली. त्यानं वाकून बघितलं, मग अजून वाकून, लोकांना दिसावं म्हणून.

"डिग्री न्हाई," तो म्हणाला. "पाणी हाय दुधात."

आईनं किटली कमरेवर घेतली. "प्यायाला पाणी न्हाई, दुधात कुठनं घालू?"

ओटाभर हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "लाखाचं बोललीस, माय." क्षणभर सगळी डेअरी आमच्या बाजूची होती. सेक्रेटरीनं नळी झटकली, खिशात ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "दुधाला डिग्री न्हाई आन् लेक डिग्रीला!"

आता हशा तिकडचा झाला. पहिल्यापेक्षा मोठा. तो म्हाताराही हसला. विनोद चांगला होता, त्याला काय करणार. सेक्रेटरीनं दूध ओट्यावरून खाली ओतलं. लोक आमच्याकडं बघत नव्हते, त्या ओल्या डागाकडं बघत होते. त्या वर्षी ओली जमीन बघायची सवय गेली होती. दुसऱ्या दिवसापासून आईचं दूध बंद झालं. गावात तिचं नाव पडलं, पाणीवाली. आडातलं पाणी आटलेलं, टँकर दोन दिवसांआड, आणि पाणीवाली कोण, तर जिच्या रांजणाच्या तळाला माती दिसत होती ती.

मी थेट तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात होतात. तुमच्या बाई वारून तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि तुमचं स्वयंपाकघर एकट्या माणसाचं होतं: एक तवा, एक पातेलं, मिठाच्या बरणीला झाकण नाही. धर्मापुरीकडचे असूनही तुम्ही आमच्याशी नेहमी पुस्तकातलं बोलायचात. त्या दिवशी पिठलं लागत होतं म्हणून असेल, तोंडातून गावाकडचं निघालं. "कावून आलीस, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. म्हणाले, तुम्ही गावात चला. नळी घेऊन चला, सगळ्यांचं दूध मापा, ओट्यावर वाचून दाखवा. तुम्हीच म्हणता ना, परत करायचं. तुम्ही चष्मा काढला नाहीत, हात पिठात होते. विचारलंत, "आई काय म्हणाली?"

"प्यायला पाणी नाही, दुधात कुठनं घालू."

"हा प्रश्न झाला," तुम्ही म्हणालात. "उत्तर काय?"

मला आठवतं, पातेल्यातलं पिठलं फुटत होतं, त्याचे शिंतोडे तुमच्या मनगटावर उडत होते आणि तुम्ही हात मागे घेत नव्हता. मी म्हणाले, तुम्ही सेक्रेटरीच्या बाजूचे आहात. तुम्ही चेअरमनचं मीठ खाता. तुम्ही भित्रे आहात. अजूनही काय काय बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मेस बंद होईल आता. इथं येऊन जेवत जा. पण या विषयावर बोलायचं नाही."

पोटापुढं स्वाभिमान टिकत नाही, हे पुस्तकात नव्हतं, मी ते तुमच्या स्वयंपाकघरात शिकले. म्हैस बाजारात गेली, आई त्या दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिमेकडं गेली आणि मी रोज तुमच्याकडं जेवले. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर माझं ताट कुठं ठेवलं जातं हे मी बघत होते. तुम्ही ते धुऊन तुमच्या ताटावर ठेवलंत आणि दोन्हींवर पातेलं पालथं घातलंत. ते बघूनही माझा राग गेला नाही. उलट वाढला. गुठळ्यांचं ते पिठलं मी वर्षभर द्वेषानं खाल्लं, सर. तुम्ही समोर बसून वाचत असायचात. मी कधी वाढायला मागितलं नाही आणि तुम्ही कधी आग्रह केला नाहीत.

त्याच उन्हाळ्यात छावणीत चेअरमनसाहेबांनी कार्यक्रम घेतला. जनावरांच्या मधे मांडव, मांडवात स्टेज, आणि स्टेजवर ग्रामीण समाजाचा अभ्यास केल्याबद्दल तुमचा सत्कार. तुम्ही शाल घेतलीत, नारळ घेतलात. सेक्रेटरी खाली पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. मी मागे शेणाच्या ढिगाजवळ उभी राहून ते बघितलं, कारण बघणाऱ्यानं हात लावायचा नसतो.

मग मी तुमच्याच कॉलेजात लागले. रुजू झाले त्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलंत. उघडलं तर दूध मापायची काचेची नळी. "हिला खोटं बोलता येत नाही," तुम्ही म्हणालात. "पण ही आपण होऊन कुणाच्या भांड्यात उतरत नाही. ती कोण उतरवतं, कुणाच्या भांड्यात, एवढंच शिकव. बाकी पेपर मुलं पाठ करतात." मला वाटलं, हा माणूस माझ्या जखमेवर मीठ चोळायला खास दुकानात गेला. पण मी ती वापरली. इतकी वर्षं पहिल्या तासाला मी ती नळी उंच धरते आणि आईची गोष्ट सांगते: घागर, पाय, डेअरी, डिग्री. "प्यायाला पाणी न्हाई, दुधात कुठनं घालू?" या वाक्याला वर्ग दरवर्षी हसतो, आणि सेक्रेटरीच्या वाक्याला गप्प होतो. मग मी म्हणते, बघा, गुन्हा घडलेलाच नव्हता, गुन्हेगार मात्र तयार झाली.

तुम्ही एकदा दारात उभे राहून तो तास ऐकलात. निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. तास संपल्यावर व्हरांड्यात म्हणालात, "गोष्ट चांगली बसवलीस. पण निर्दोषाची बाजू घ्यायला गुन्हेशास्त्र कशाला लागतं? त्याला पोस्टमनसुद्धा पुरतो. ज्यानं केलंय त्याच्या शेजारी बसता येतं का, ते बघायचं." मी मनात म्हणाले, शाल पांघरून बोला.

तुमच्या शोकसभेत मी बोलले. चेअरमनसाहेबांचे चिरंजीव पुढं बसले होते. मी तुम्हाला निर्भीड म्हणाले. तो शब्द मी शोधून, जपून, मुद्दाम वापरला. सगळ्यांनी मान हलवली. तुम्ही असता तर चष्मा पुसला असता.

त्यानंतर काही वर्षांनी आई माझ्याकडं राहायला आली. गुडघे गेले होते, डोळे शाबूत होते. एका सकाळी मी ओट्यापाशी चहा करत होते आणि कुठल्याशा शिबिरात सांगायची म्हणून तीच गोष्ट पुटपुटत होते. आई खाली बसून लसूण सोलत होती. मधेच म्हणाली, "घातलं हुतं की."

"काय?"

"पाणी. दुधात."

मला वाटलं, तिला ऐकू नीट आलं नाही. मी गॅस बारीक केला. "तू तर म्हणालीस, कुठनं घालू म्हणून."

"आसं इचारलं मी त्याला. न्हाई घातलं आसं कुटं म्हन्ले?"

आणि ती हसायला लागली. सर, मी माझ्या आईला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. दात नसलेलं, खांदे हलवणारं, एखाद्या पोरीसारखं. "तुज्या भांडणाचंच पाणी हुतं ते. त्या दिशी दोन घागरी गावल्या न्हाई का? सेक्रेटरी डेअरीतलं तांब्याभर दूध घरला न्यायचा. एकदा कॅनात मिसळलं की कुणाचं कुठलं? त्याच्या बायकूनं जी घागर पायानं सारली, तिचंच पाणी तिला च्यात पाजलं. चार दिस पाजलं. लई ग्वाड लागलं आसंल बग."

मी विचारलं, माझ्या मेससाठी घातलंस ना? दूध वाढावं म्हणून? मी दोनदा विचारलं. तिनं लसणाची पाकळी नखानं सोलली. "मेस दुधावर चालत हुती. पाण्यावर न्हाई. ते मी मपल्यासाठी घातलं, तुज्यासाठी न्हाई." मग म्हणाली, "च्या उतू चाललाय."

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडते आहे आणि तुम्ही नाही. तुम्हाला ठाऊक होतं का? की तुम्ही फक्त वाक्य ऐकलंत, त्यात उत्तर नव्हतं एवढंच ओळखलंत, आणि ओट्यावर सगळ्यांदेखत माझ्या आईच्या दुधात नळी घालायची वेळ येऊ नये म्हणून आला नाहीत? की तुम्ही भित्रेच होतात आणि ते वाक्य तुम्हाला सोयीचं सापडलं? शाल तर तुम्ही घेतलीत. मी एकेक मानून बघते. सगळंच बसतं. तुम्हीच सांगायचात की माणसाच्या वागण्याला एकच कारण सापडलं तर समजावं की शोधणारा दमला.

आई गेली त्यालाही आता बरेच दिवस झाले. आणि मी गोष्ट बदलली नाही. दरवर्षी पहिल्या तासाला आई निर्दोष असते.

यंदा वर्गात चकलांब्याकडची एक मुलगी आहे. धीट, अक्षर वाईट, तोंडानं फटकळ. पंधरवड्यापूर्वी तिच्या भावाला पोलिसांनी नेलं. कारखान्याच्या तळ्याकडं जाणाऱ्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह त्यानं फोडला. पाणी रात्रभर ओढ्यानं वाहून गेलं, ना कारखान्याला मिळालं ना गावाला. सगळ्यांच्या फोनवर त्याचा फोटो फिरला. वर्गात पोरं तिला बघून नळ सोडल्याचा आवाज काढायची, तोंडानं, फुर्रर्र. मी ते ऐकलं आणि तिला आधार द्यावा म्हणून, पहिला तास कधीच होऊन गेला होता तरी, नळी काढली आणि आईची गोष्ट पुन्हा सांगितली. मन लावून सांगितली. पोरं गप्प झाली. एकदोघांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, हे मी केलं.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. पोरं अजून दारात रेंगाळत होती.

"मॅडम, तुमच्या आईनं पाणी घातलंच नव्हतं," ती म्हणाली.

मी नळी गुंडाळायला वर्तमानपत्र पुढं ओढलं.

"मह्या भावानं व्हॉल्व्ह फोडलाच हाय. कुणाला पाणी मिळावं म्हणून बी न्हाई. नुसता फोडला. पहाटं घरी आलता चिंब भिजून, हासत हासत. लई दिसांनी आंघोळ झाली म्हन्ला. मी सवता दार उघडलं." तिनं नळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग तुमच्या गोष्टीत आमी कुठं बसायचं?"

एवढंच म्हणायचं होतं, सर: माझ्या आईनंही घातलं होतं, आणि तीही हसली होती. त्या मुलीनं ते झेललं असतं. ती खाली बसली असती, कदाचित हसलीही असती, आणि उद्या वर्गात आली असती. मी नळी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. दारातली पोरं ऐकत होती, त्यांच्या तोंडावर अजून आईबद्दलचा तो आदर होता. आणि मी मास्तरकीतला सगळ्यात जुना डाव टाकला. मी विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती थोडा वेळ थांबली. मला अजून संधी देत होती, असं आता वाटतं. मग म्हणाली, "मला काय वाटायचंय," आणि सॅक खांद्याला लावून गेली. त्या दिवसापासून ती आलेली नाही. काल मैत्रिणीकडून कळलं, तिचं शिक्षण बंद करून स्थळ बघायला सुरुवात झाली आहे, आणि तिनंही नको म्हटलेलं नाही.

आज सकाळी मी आवरून स्टँडवर गेले. नळी पर्समधे होती. चकलांब्याची गाडी लागलेली होती, अर्धी रिकामी. फलाटाच्या कट्ट्यावर बसून मी ते वाक्य मनात म्हणून बघत होते, तिच्या घरी, तिच्या आईसमोर म्हणायचं म्हणून. आणि दर वेळी त्याला काहीतरी चिकटत होतं: दुष्काळ होता गं, माझी मेस होती, आमचे हाल होते. आईला माफी मिळावी असं काहीतरी. त्या मुलीला ते उपयोगाचं नाही. तिच्या भावाकडं असलं एकही कारण नाही. तिला फक्त ते हसणं हवंय, आणि नेमकं तेच माझ्या तोंडून निघेना. इतक्या वर्षांत मी आईच्या शेजारी कधी बसलेच नव्हते, सर. मी तिच्या घागरीच्या शेजारी उभी होते.

ड्रायव्हर चहा पिऊन आला. कंडक्टरनं दार ओढताना माझ्याकडं बघून विचारलं, "बसायचंय का, बाई?"

घरी येऊन हे लिहायला घेतलं. आता तुम्ही चष्मा नाकावर चढवून विचाराल, गाडी चुकली का?

चुकवली.